जमीन कुणाची? – खलिफा उमर यांचा एक निर्णय

दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या साधेपणाच्या गोष्टी तुम्ही कुठे ना कुठे ऐकल्या असतील. ठिगळे लावलेला अंगरखा, मदिनेच्या गल्ल्यांतून रात्री घातलेली गस्त, उपाशी मुलांच्या घरी स्वतःच्या पाठीवरून नेलेले पिठाचे पोते. गोष्टी चांगल्या आहेत. शिक्षकांनी त्या वर्गात जरूर सांगाव्यात. परंतु इ. स. ६३४ ते ६४४ या दहा वर्षांच्या कारकीर्दीत त्यांनी जो सर्वांत अवघड निर्णय घेतला, तो पिठाच्या पोत्याचा नव्हता. तो जमिनीचा होता, आणि त्याच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही.

पैगंबरांच्या मागून अबू बकर खलिफा झाले आणि दोनच वर्षांत वारले. त्यांच्या जागी उमर आले. ६३६ च्या सुमारास कादिसिया येथे अरब फौजेने इराणच्या बादशाही सैन्याचा मोड केला आणि तैग्रिस व युफ्रेटिस या दोन नद्यांमधला सगळा सुपीक मुलूख हाती आला. अरब लोक त्याला ‘सवाद’ म्हणत. सवाद म्हणजे काळेपणा. उजाड वाळवंटातून येणाऱ्या माणसाला दुरून ती खजुराची दाट बने आणि हिरवी शेते काळीशार दिसत, म्हणून ते नाव.

आता प्रश्न आला वाटणीचा. लुटीचा पाचवा हिस्सा खजिन्यात आणि बाकीचे चार हिस्से लढणाऱ्यांत, असा रिवाज होता. शिपाई म्हणाले, घोडे-हत्यारे वाटता, तशी ही जमीनही वाटा, कसणाऱ्यांसकट वाटा. मागणी करणारे लोक साधेसुधे नव्हते. अब्दुर रहमान बिन औफ यांच्यासारखे पैगंबरांचे जुने सोबती त्यांच्या बाजूने होते.

उमर यांनी नकार दिला. आज या लोकांत जमीन वाटून टाकली, तर उद्या जन्माला येणाऱ्यांना काय उरेल? सरहद्दीवरच्या फौजेला पगार कुठून द्यायचा? विधवांना, पोरक्या मुलांना काय द्यायचे? असा त्यांचा मुद्दा होता. बरेच दिवस वाद चालला. अली, उस्मान, तल्हा यांनी उमर यांना साथ दिली. आठव्या शतकात हारून अल् रशीदचे मुख्य न्यायाधीश अबू यूसुफ यांनी जमीन महसुलावर जो ग्रंथ लिहिला, त्यात ही सारी हकीकत आली आहे. शेवटी कुराणातल्या एका वचनाचा आधार घेऊन उमर यांनी ठरवले की जमीन वाटायची नाही. जो कसतो त्याच्याकडेच ती राहील, त्याने सारा भरावा, आणि तो सारा सर्वांचा.

मग मोजणी आली. उस्मान बिन हुनैफ आणि हुझैफा या दोघांना सवादात धाडले. साखळी घेऊन कुणीतरी बांधावर उभे राहिले की काय वाटते, हे तुम्हांला मी सांगायला नको! पण साऱ्याचा दर पिकावर ठरला. जरीब हे तिकडचे जमिनीचे माप. गव्हाच्या जरिबाला चार दिरहम, जवसाला नव्हे बरं का, जवाला दोन, आणि द्राक्षमळ्याला दहा, असे आकडे अबू यूसुफ देतात. यात सगळेच न्यायाचे होते असे मी म्हणणार नाही. मुसलमान नसलेल्या प्रौढ पुरुषांवर डोईपट्टी होती. ऐपतीप्रमाणे ४८, २४ किंवा १२ दिरहम. गुलामगिरीही तशीच राहिली.

जमलेला पैसा वाटण्यासाठी नावनिशीची वही केली, तिचे नाव ‘दीवान’. आपल्याकडचा दिवाण आणि दिवाणी कचेरी हे शब्द त्याच घराण्यातले. नेमणुका सर्वांना सारख्या नव्हत्या. इस्लाममध्ये आधी आलेल्याला अधिक. अबू बकर सारखेच वाटत असत. मला तरी अबू बकरांची रीत सरळ वाटते.

कागदपत्रे वाढली तशी साल लिहिण्याची पंचाईत झाली. पैगंबर ६२२ मध्ये मक्केहून मदिनेला गेले, तेथून साल मोजायचे असे उमर यांच्याच काळात ठरले. हे हिजरी साल चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. पीक काही चंद्र बघून येत नाही, म्हणून पुढे सारावसुलीला ते अडचणीचे झाले. आपल्या मराठेशाहीच्या कागदांत जे शुहूर सन आढळते ते मूळ हिजरीतूनच निघालेले, पण सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलणारे. त्याला मृगसालही म्हणत.

६३९ साली अरबस्थानात दुष्काळ पडला. जमीन राखेसारखी झाली, म्हणून ते ‘राखेचे वर्ष’. सिरिया-इराकमधून धान्याचे उंट मागवले गेले. लोकांना तूप मिळेपर्यंत आपणही खाणार नाही असे उमर यांनी ठरवले आणि ते तेलावर राहिले, असे सांगतात. भुकेच्या त्या वर्षी चोरीची शिक्षाही त्यांनी तहकूब ठेवली. पुढे इजिप्त घेतल्यावर नाईलपासून तांबड्या समुद्रापर्यंतचा जुना बुजलेला कालवा उकरून घेतला आणि धान्य गलबतांनी येऊ लागले.

६४४ मध्ये मदिनेत त्यांनी मोजणी करणाऱ्या त्या दोघांना विचारले, जमिनीला झेपणार नाही एवढा सारा तर बसवला नाहीत ना? ते म्हणाले, झेपेल एवढाच आहे. पुन्हा एकदा बघा, उमर म्हणाले. आणि मी जगलो तर इराकच्या विधवांना कुणापुढे हात पसरावा लागू देणार नाही, असेही म्हणाले. त्यानंतर चारच दिवसांनी पहाटेच्या नमाजात अबू लूलू नावाच्या एका इराणी गुलामाने त्यांच्यावर सुरा चालवला. आपला धनी रोज फार पैसे वसूल करतो, अशी तक्रार त्याने उमर यांच्याकडे केली होती, आणि ती त्यांनी मान्य केली नव्हती.