मुंबईहून लंडन किती लांब?

आमच्या बचत गटातल्या एका ताईंची लेक नर्सच्या नोकरीसाठी जानेवारीत लंडनला गेली. तिकिटावर होतं, मुंबईहून सकाळी ७ ला सुटणार, लंडनला ११.३० ला पोहोचणार. ताईंनी हिशोब केला, साडेचार तास. दुपारी १२ वाजले, १ वाजला, फोन नाही. ताईंनी डोळ्यांना पदर लावला. फोन आला संध्याकाळी साडेसहाला, लेक सुखरूप होती.

चूक ताईंची नव्हती. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते, हे कुणी सांगितलंच नव्हतं. सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, म्हणून आपलं घड्याळ पुढे. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचा. तिकडे ११.३० म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ५. खरा प्रवास १० तासांचा! त्यात उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान, मग फोन.

मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर जातं, म्हणजे ८ तास व्हायला हवेत. मग वरचे दोन कुठे गेले? थोडे चढण्या-उतरण्यात, धावपट्टीवर थांबण्यात. थोडे वाऱ्यात. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीवर. म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर होतो. आणि वळसा पडला तर आणखी वेळ. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा आपल्या विमानांना लांबून जावं लागलं.

सरळ अंतर म्हणजे नकाशावर पट्टीने ओढलेली रेघ नव्हे. पृथ्वी गोल आहे. घरी कलिंगड घ्या, मधल्या घेराच्या वर, देठाकडच्या अर्ध्या भागात, एकाच उंचीवर लांब-लांब दोन खुणा करा आणि दोरा ताणून धरा. दोरा आपोआप देठाकडे सरकतो. तीच जवळची वाट. विमानंही शक्यतो तशीच उत्तरेकडून वळून जातात. (कलिंगड नंतर कापायला हरकत नाही, आम्ही कापलं.)

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण रात्र झोपेपर्यंत तीच तारीख धरतो, तिकीट धरत नाही. १२ तारखेला ००.३० असं लिहिलं असेल, तर ते ११ च्या रात्री साडेबारा. म्हणजे ११ ला रात्री साडेनऊपर्यंत विमानतळावर हजर हवं, कारण परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचं असतं. गावाहून मुंबईच्या एसटीला लागणारे तास त्याच्याही आधी मोजा. १२ ला संध्याकाळी सामान बांधून निघालात, तर विमान केव्हाच गेलेलं असेल.