पंप नवा बसवला, पण पेट्रोलचा काटा खोटं बोलतोय?



भाजी, तांदूळ, मसाले पुण्याला पोचवायला काही गट जुनी पेट्रोल व्हॅन वापरतात. टाकीतला पंप बदलला की गाडी छान पळते, पण काटा अर्ध्यावरच अडकतो. आपण निर्धास्त राहतो आणि वरंध घाटात किंवा वेल्ह्याच्या एखाद्या आडवाटेला गाडी बंद पडते. माल नासतो, रात्री बायकांची अडचण होते ती वेगळीच.

असं का होतं?
घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉकचा चेंडू असतो ना, तसाच पेट्रोलच्या टाकीत फ्लोट असतो. पेट्रोल कमी झालं की तो खाली जातो. त्याच्या दांडीला जोडलेला सेन्सर काट्याला खबर देतो. बऱ्याच गाड्यांत पंप आणि फ्लोट एकाच सांगाड्यावर असतात. म्हणून पंप बदलताना फ्लोटलाही धक्का लागतो.

नेहमीची कारणं
१. बसवताना दांडी वाकली किंवा फ्लोट टाकीला घासतोय.
२. वायरचा कनेक्टर किंवा अर्थिंग सैल राहिलं.
३. पार्ट दुसऱ्या मॉडेलचा आहे. त्याचा सेन्सर आपल्या काट्याशी जुळत नाही.
४. जुनाच सेन्सर ठेवला आणि तो झिजलेला आहे.

मेस्त्रींना काय सांगायचं?
आधी कनेक्टर आणि अर्थिंग बघा. मग सेन्सरला मल्टीमीटर लावून फ्लोट हळूहळू वर-खाली करा. आकडा सलग बदलला तर सेन्सर चांगला, दोष वायरिंगमध्ये किंवा काट्यात. आकडा मध्येच उडाला किंवा अडकला तर सेन्सर बदला. पार्ट आपल्याच मॉडेलचा आणि सालाचा हवा. पक्कं बिल घ्या, म्हणजे वॉरंटी मागता येते.

टाकी घरी उघडू नका. पेट्रोलची वाफ ठिणगीनेही पेटते. काम मोकळ्या हवेत, बॅटरीची वायर काढून, चूल-विडीपासून लांबच व्हावं.

दुरुस्ती होईपर्यंत
टाकी फुल करा आणि किलोमीटर वहीत लिहा. पुढच्या वेळी परत फुल करा. समजा २१० किलोमीटर झाले आणि १४ लिटर बसलं, तर लिटरला १५ किलोमीटर. आता किती अंतर गेल्यावर भरायचं, हे वहीच सांगेल. घाटात पेट्रोल जास्त लागतं, म्हणून पाव टाकी राखून ठेवा. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असला की थंड राहतो. सारखी रिकाम्या टाकीवर गाडी चालवली तर नवा पंपही लवकर जातो.

काटा नेहमी सपाट जागेवर बघायचा. चढ-उतारावर गाडी उभी असेल तर चांगला काटाही चुकतो.

ड्रायव्हर कोणीही असो, वही गटाकडे राहू द्या. पेट्रोलचा खर्च बैठकीत मांडतानाही तीच कामाला येईल.

– तुमची क्षेत्र समन्वयक