सेल्टिक्सचा लंगडा हंगाम : २०१७-१८

१७ ऑक्टोबर २०१७, क्लीव्हलँड. हंगामातला पहिलाच सामना, आणि सहा मिनिटं होत नाहीत तोच बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाच्या गॉर्डन हेवर्डचा डावा पाय मोडला. वर्षभर तो बाहेरच. पहिले दोन सामने हरलेल्या या संघाने पुढचे सलग १६ जिंकले! मार्चमध्ये गुडघ्याने त्याचा सहकारी कायरी अरविंगलाही बसवलं. तरी ८२ पैकी ५५ विजय, पूर्व विभागात दुसरं स्थान. भार उचलला वीस वर्षांच्या जेसन टेटमने आणि एरवी राखीव बाकावरून येणाऱ्या टेरी रोझिअरने. विभागाच्या अंतिम फेरीतला सातवा सामना मात्र ७९-८७ असा गेला, तोही घरच्या मैदानावर. तीन गुणांसाठी ३९ फेकी, आत गेल्या ७. रोझिअरच्या तर दहाच्या दहा वाया. समोर क्लीव्हलँडचा ३५ गुण काढणारा लेब्रॉन जेम्स होता, हे खरं. पण त्या रात्री घात केला तो नेमानेच.