जुन्या सायकलीचा रंग खरवडताना

किनवटला माझ्याकडे येणारे पुष्कळजण जुनी सायकल घरीच रंगवतात. काम चांगले, पण जुना रंग काढताना काळजी हवी.

जुन्या रंगात शिसे असू शकते. दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, तोही घरगुती व सजावटीच्या रंगांपुरता. कोरडा रंग घासला की धूळ नाकातोंडावाटे शरीरात जाते. लहान मुलांना ती अधिक बाधते. रक्त कमी होते, पोट दुखते, बुद्धीची वाढ खुंटते. म्हणून मुलांना व गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे. वॉटर पेपर पाण्यात भिजवूनच घासावे. रंग जाळून काढू नये. साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

सायकल ॲल्युमिनियमची असेल तर कॉस्टिक सोडा मुळीच वापरू नये. तो धातूच खातो, फसफसतो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. शिंतोडा डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. तसे झाल्यास डोळा लगेच स्वच्छ पाण्याने वीस मिनिटे धुवावा आणि गोकुंद्याचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. पेंट रिमूव्हरही बंद खोलीत नको, अंगणातच वापरावा.