निकेलची जोडी आणि पोटातली जळजळ

कशेळ्याच्या खाचरांत टाकलेला युरिया भाताला लगेच लागू पडत नाही. मातीतील जंतूंचे ‘युरिएज’ हे विकर आधी त्याचा अमोनिया करते. या विकराच्या गाभ्यात निकेलचे दोन अणू शेजारी असतात. एक युरियाला धरतो, दुसरा पाण्याला त्याच्यावर सोडतो. रसायनशास्त्रज्ञांनी अशा जोड्या बनवून पाहिल्या, पण तो वेग काही साधला नाही!

हेच विकर जठरातील ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जंतूकडेही असते. जठररसातील युरियाचा अमोनिया करून तो भोवतालचे आम्ल मारतो आणि तग धरतो. मार्शल व वॉरन यांनी १९८२ साली तो प्रयोगशाळेत वाढवला. २००५ चे नोबेल त्यांना मिळाले. तोवर अल्सरचे खापर आपण तिखटावर आणि काळजीवर फोडत होतो.

तेव्हा महिनोन्‌महिने दुकानातून अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आणून खाऊ नका. दुर्बिणीतून काढलेला जठराचा कण युरियाच्या द्रावात टाकतात. रंग गुलाबी झाला तर जंतू आहे. ओमेप्राझोल चालू असेल तर ही तपासणी फसू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून ते दोन आठवडे आधी थांबवावे. उपचाराचा कोर्स बहुधा चौदा दिवसांचा असतो. जळजळ थांबली म्हणून चौथ्या दिवशी सोडू नये. आणि शौचाला डांबरासारखे काळे होत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.