सरकत्या फोनांचा कळफलक



गेल्या महिन्यात आमच्या शाळेत मुलांनी घरातील जुन्या वस्तूंचे एक लहानसे प्रदर्शन भरवले होते. पितळी अडकित्ता, वातीचा स्टोव्ह, शेवया पाडण्याचा सोऱ्या अशा वस्तूंच्या रांगेत आठवीतल्या एका मुलाने एक जाडसर मोबाइल फोन आणून ठेवला होता. मी तो हाती घेतला आणि जुन्या सवयीने अंगठ्याने त्याचा पडदा बाजूला सारला. 'टक्' असा आवाज झाला आणि पडद्याखालून कळांचा अख्खा फलक बाहेर आला. भोवतालची मुले पाहतच राहिली. "सर, एवढी बटणं कशाला?" एका मुलीने विचारले. प्रश्न साधा होता. पण उत्तर देण्यासाठी मला बरेच मागे जावे लागले. तेच उत्तर आज आपल्यापुढे मांडण्याचा विचार आहे.

टेलिफोन हे मुळात बोलण्याचे यंत्र. त्याच्या कळा आकड्यांसाठी असत. लिहिण्याची गरज मागाहून आली. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने मोबाइल फोनवर पहिला लेखी संदेश पाठवला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. गंमत अशी की, तो संदेश त्यांना संगणकावर लिहावा लागला. कारण फोनवर अक्षरे लिहिण्याची सोयच नव्हती!

पुढे ती सोय झाली, पण ती अडचणीतली. २ पासून ९ पर्यंतच्या आठ कळांवर इंग्रजीची सव्वीस अक्षरे वाटून दिली गेली. आपण रोमन अक्षरांत 'घर' हा शब्द लिहू लागलो, तर 'जी'साठी ४ ची कळ एकदा, 'एच'साठी तीच दोनदा, 'ए'साठी २ ची कळ एकदा आणि 'आर'साठी ७ ची कळ तीनदा दाबावी लागे. चार अक्षरांसाठी सात दाब. शिवाय 'जी' आणि 'एच' एकाच कळेवर असल्यामुळे मध्ये क्षणभर थांबणे आलेच. यावर 'टी-नाइन' नावाची युक्ती निघाली. प्रत्येक अक्षरासाठी कळ एकदाच दाबायची आणि शब्द कोणता असेल हे फोनने आपल्या कोशातून ओळखायचे. इंग्रजी लिहिणाराला ती वरदान ठरली. परंतु रोमन अक्षरांत मराठी लिहिणाऱ्याचे 'घर' आणि 'पाऊस' त्या कोशात कोठून असणार? एकेक शब्द त्याला शिकवीत बसावे लागे.

पूर्ण कळफलकाची ओढ लागली ती या त्रासातून. एका अक्षराला एक कळ, हा टाइपरायटरचा जुना नियम. क्रिस्टोफर शोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १८६८ साली आपल्या टाइपरायटरचे पेटंट घेतले आणि १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने तो बाजारात आणला. तेव्हा रूढ झालेली अक्षरांची मांडणी थोड्या फरकाने संगणकावर आली आणि तेथून खिशातल्या फोनवर. ज्याची बोटे टाइपरायटरवर तयार झाली होती, त्याला नव्याने काही शिकावे लागत नव्हते.

आता अडचण उरली जागेची. पंचवीस-तीस कळा तळहाताएवढ्या वस्तूवर बसवायच्या कोठे? ब्लॅकबेरी फोनांनी पडद्याखाली कळा बसवल्या. त्यामुळे फोनच्या तोंडाची अर्धी जागा कळांनी घेतली आणि कळाही बारीक झाल्या. सरकत्या फोनांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी फोनचे दोन थर केले, वर पडदा आणि खाली कळा. वरचा थर बाजूला सरकवून फोन आडवा धरला की त्याची लांब बाजू कळांना मिळते. कळा रुंद होतात आणि दोन्ही अंगठे मोकळेपणाने चालतात. काम संपले की थर पुन्हा एकावर एक. टेबलाचा खण उघडावा आणि मिटावा, तशीच ही तऱ्हा.

या फोनांतही घराणी होती. अमेरिकेत २००७ साली आलेला एलजी रूमर आणि २००८ सालचा सॅमसंग ग्रॅव्हिटी यांच्या तोंडावर आकड्यांच्या कळा होत्याच. पूर्ण फलक आत दडलेला असे. फोन लावायचा तर उघडण्याची गरज नाही, लिहायचे तरच उघडावा. बोलणारा आणि लिहिणारा या दोघांचीही त्यात सोय होती. २००८ सालच्याच एलजी केएस३६० मध्ये तोंडावरचे आकडे काढून टाकले होते. नंबर पडद्यालाच स्पर्श करून फिरवायचा आणि लिहिण्यासाठी मात्र खालच्या खऱ्या कळा. फोन दिसायला नीटस झाला. पण न पाहता नंबर फिरवण्याची सोय गेली. २००९ सालचा नोकिया ई७५ आकड्यांच्या कळा आणि सरकता फलक दोन्ही बाळगी; मात्र तो साध्या फोनांत मोडत नसे, लहान संगणकाकडे झुकलेला होता.

या सर्वांना एकच किंमत मोजावी लागे, ती सांध्याची. वरचा थर बारीक रुळांवर सरकतो, आत स्प्रिंग असते. अर्ध्यावर ढकलला की पुढचे काम ती करते, आणि 'टक्' आवाज येतो तो तिचाच. दोन थरांना जोडणारी कागदासारखी पातळ, वाकणारी पट्टी असते. तिच्यातूनच पडद्याला संकेत पोहोचतात. उघडमिटीगणिक ती पट्टी वाकते, आणि अखेर एक दिवस तिच्यातली तार तुटते. कळा शाबूत, बॅटरी शाबूत, पण पडदा काळा!

आमच्या घरी हेच घडले. माझे वडील बेळगावात एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखक होते. २००९ साली माझ्या बहिणीने मस्कतहून त्यांच्यासाठी एक सरकता फोन आणला. काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी तेव्हा कमी होऊ लागली होती. पण कळा त्यांच्या अंगठ्यांना ओळखत होत्या. कळांच्या कडा चाचपडत ते अंधारातसुद्धा बहिणीला पत्रासारखे लांब संदेश लिहीत. २०१४ साली त्या फोनची पट्टी तुटली. खडेबाजारातल्या दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला आणि तसा भाग आता मिळत नाही असे सांगून परत केला. नंतर घरात आलेल्या काचेच्या फोनवर वडिलांचे बोट नुसते घसरत राहिले. काचेला कडा नसते आणि उंचवटाही नसतो. बोट फिरवू तसे अक्षर उच्चारून दाखवणारी सोय त्यात आहे. पण एकेक अक्षर ऐकत लिहिणे त्यांना कंटाळवाणे होई. महिन्याभरात त्यांनी लिहिणेच सोडले.

येथवर ऐकून आपल्याला वाटेल की, हा मनुष्य कळांची बाजू घेऊन उभा आहे. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वडिलांचे ते सारे संदेश मराठीत होते, आणि एकही देवनागरीत नव्हता. भारतात विकल्या गेलेल्या कित्येक स्वस्त बारा-कळी फोनांवर देवनागरी अक्षरे छापलेली असत. वडिलांच्या त्या महागड्या फोनवर मात्र ती नव्हती. प्लास्टिकवर छापलेले अक्षर बदलता येत नाही. ज्या बाजारपेठेसाठी कळा घडवल्या, तिचीच लिपी त्यांच्यावर कायमची बसते. शिवाय एका संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावत, तर देवनागरीची चिन्हे अवघी ७०, आणि त्यांत काना-मात्राही स्वतंत्र मोजली जाई. म्हणजे आपल्या लिपीत लिहिणे अवघडही होते आणि महागही.

२००७ साली आयफोन लोकांपुढे मांडताना स्टीव्ह जॉब्स यांनी याच कळांवर आक्षेप घेतला होता. गरज असो वा नसो, त्या जागा अडवून बसतात आणि एकदा घडल्या की बदलत नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. तो त्यांनी आपल्या लिपीसाठी मांडला नव्हता. परंतु त्याचा मोठा लाभ आपल्याला झाला. काचेवरची कळ म्हणजे नुसते चित्र. ते 'क'चे काढा, कानडीचे काढा, हवे तसे बदला. मुंबईच्या आयआयटीतून २०१३ साली आलेल्या 'स्वरचक्र' या कळफलकात व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती बाराखडीचे चक्र उमटते. ठोकळ्यासारख्या कळांवर हे कसे जमले असते?

दोन्ही गुण एकत्र आणण्याचा एक प्रयत्न झाला होता, हेही सांगतो. २००९ साली अमेरिकेत आलेल्या सॅमसंग एलियास-२ या फोनच्या कळा खऱ्या होत्या, पण त्यांवरची चिन्हे विजेच्या शाईने उमटत. तो सरकता नव्हता, बिजागरीचा होता. उभा उघडला की कळांवर आकडे दिसत, आडवा उघडला की तेथेच अक्षरे. हीच कल्पना पुढे गेली असती, तर बोटाला कळही मिळाली असती आणि डोळ्याला आपली लिपीही. पण तोवर ग्राहक काचेकडे वळला होता.

आज हे फोन बहुतेक खणात पडून आहेत. अमेरिकेत तर ज्या जुन्या जाळ्यांवर ते चालत, त्यांपैकी बरीचशी २०२२ साली बंद झाली. आपल्याकडे काही कंपन्यांची टू-जी सेवा चालू आहे. त्यामुळे एखादा जीएसएम फोन अजून बोलू शकेल. आपल्या घरी असा फोन असेल, तर त्याची बॅटरी फुगलेली नाही ना हे आधी पाहावे. फुगली असेल तर त्याला चार्जर लावू नये. ठीक असेल तर तो एकदा चालू करून त्यातले संदेश वहीत उतरवून घ्यावेत. कित्येक घरांत गेलेल्या माणसांची शेवटची पत्रे त्यातच राहिली आहेत. आणि दृष्टी अधू झालेल्या वडीलधाऱ्यांसाठी फोन घेताना, तो किती नवा आहे यापेक्षा त्यांच्या बोटांना तो सापडतो का, हे त्यांच्याच हाती देऊन पाहावे.

माझ्या वडिलांपुरते सांगायचे तर, २०१७ साली फोनला मराठी बोलणे ऐकून ते लिहिता येऊ लागले. आता ते बोलतात आणि काचेवर देवनागरी उमटते. बहिणीला त्यांचे पत्र प्रथमच मराठी अक्षरांत गेले, तेव्हा तिने ते जपून ठेवले. वडिलांची तक्रार मात्र कायम आहे. "अरे, पत्र मोठ्याने बोलून लिहायचं म्हणजे सगळ्या घरानं ऐकायचं," ते म्हणतात. पूर्वी रात्री सारे निजल्यावर ते मुलीला काय लिहीत, हे आम्हांला कधीच कळले नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच होते. एवढी बटणे यासाठी की, दिवा न लावता आणि कोणाला न ऐकवता मनातले लिहिता यावे.