केवड्याला न भिणारी वेल

जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर १८२८ साली ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमन यांना दगड झालेली हाडं सापडली आणि भारतातल्या डायनासोरांची गोष्ट सुरू झाली. ती हाडं ज्या लमेटा थरांत होती, त्यांच्या डोक्यावर काळा पाषाण बसलेला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या दख्खनच्या लाव्हाची ही ईशान्येकडची कड. तिथून नर्मदा आणि सातपुडा ओलांडून नाशिक, नारायणगाव, बारामतीपर्यंत आलं, तरी बऱ्याच वाटेवर पायाखाली तोच खडक असतो. जबलपूरकडे त्याच्या मातीत गहू आणि मटार पिकतो, नाशिककडे द्राक्षं.

संपादकांनी सेंद्रिय व्हाईट वाईनवर लिहायला सांगितलं, तेव्हा बाटल्या आणि चव घेण्याचे सोहळे मी बाजूला ठेवले. या खडकावरची बाग औषधाच्या फवाऱ्याशिवाय उभी राहू शकते का, एवढंच मला बघायचं होतं. राहत असेल तर पुढचं सगळं बोलता येईल.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९८०च्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावात फसफसती व्हाईट वाईन करून दाखवली. २००० साली राजीव सामंतांच्या सुला वायनरीची पहिली सोव्हिन्यॉं ब्लां आणि शेनां ब्लां नाशिकहून बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं आणि मग वायनऱ्या वाढल्या. या दोन्ही पांढऱ्या जाती अस्सल युरोपीय. व्हिटिस व्हिनिफेरा या एकाच प्रजातीतल्या.

पांढऱ्या वाईनचा जीव आंबटपणात असतो. आपली द्राक्षं हिवाळ्याच्या शेवटी पिकतात, रात्री गार असतात, म्हणून ती आम्लता थोडीफार टिकते. जमिनीचाही त्यात वाटा आहे. भारी काळी माती पाणी धरून ठेवते, वेल माजते, पानांची दाटी होते आणि घडाला हवा लागत नाही. उतारावरच्या मुरमाड जमिनीत पाण्याचा निचरा होतो, मुळं खडकाच्या भेगांत शिरतात, वेल आटोपशीर राहते. वाईनसाठी बाग शोधणारा म्हणूनच उतार शोधतो. लाव्हाची माती चांगली असं सरसकट म्हणण्यात अर्थ नाही. त्याच लाव्हाच्या दोन माती असतात, आणि त्यातली एकच वाईनच्या कामाची.

आता केवडा, म्हणजे द्राक्षवेलीचा बुरशीजन्य रोग. ऑक्टोबर छाटणी झाली, डोळे फुटले, कोवळी फूट वीतभर झाली आणि परतीचा पाऊस आला, की निफाडकडच्या बागायतदाराची झोप उडते. एका बागेत मालकाने पान उलटं करून दाखवलं. वरून तेलकट पिवळा डाग, खालून पांढरी कापसासारखी बुरशी. “हे काल नव्हतं बघा,” ते म्हणाले. रात्रीच्या अंधारात, ओल्या हवेत ही बुरशी बीजाणू धरते. सकाळी पानावर दवाची पातळ फिल्म असते. त्या पाण्यात बीजाणू फुटून त्यातून शेपटीवाले चलबीजाणू बाहेर पडतात आणि पोहत पानाच्या मागच्या बाजूच्या रंध्रांपर्यंत जातात. तिथून आत. केवडा घडावर गेला तर कोवळे मणी तपकिरी पडून वाळतात आणि त्या हंगामापुरता घड गेलाच. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळासोबत आलेल्या अवकाळी पावसानंतर केवड्याने किती बागा संपवल्या, हे नाशिक जिल्ह्यात अजून लोक वार-तिथीसकट सांगतात.

सेंद्रिय बाग म्हणजे फवारणी नसलेली बाग, असा शहरात समज आहे. तो खरा नाही. सेंद्रिय बागेत भुरी या दुसऱ्या बुरशीरोगावर गंधक मारतात आणि केवड्यावर बोर्डो, म्हणजे मोरचूद हे तांब्याचं लवण आणि चुना. फ्रान्समध्ये केवडा १८७८च्या सुमारास अमेरिकेहून पोचला. बोर्दोजवळ रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून मोरचूद-चुना शिंपडत, आणि त्या वेलींची पानं शाबूत राहिलेली मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिली. १८८५ साली त्याने हा उपाय प्रसिद्ध केला. तेव्हापासून जगाची सेंद्रिय वाईन तांब्यावर उभी आहे. तांबं कुजत नाही, उडून जात नाही. दर वर्षीचं तांबं वरच्या थरात साठत जातं आणि गांडुळांच्या मुळावर येतं. युरोपने म्हणून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली. आपल्या चिकणमातीत तर ते घट्ट बसतं. सेंद्रिय शिक्का असलेल्या बाटलीमागे जमिनीत तांब्याचा साठा वाढत असेल, तर तो शिक्का मला अपुरा वाटतो.

ज्या यंत्रणेपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळलो, ती पानाच्या आत आहे. केवड्याची बुरशी फक्त जिवंत पेशीवर जगते, मेलेल्या पेशीत तिला काही मिळत नाही. अमेरिकेतल्या आणि पूर्व आशियातल्या रानद्राक्षांनी हेच हेरलं. बीजाणू रंध्रातून आत शिरला, की त्या जागेभोवतीच्या पेशी स्वतःहून मरतात आणि शेजारच्या पेशी बुरशीला विषारी ठरणारी रसायनं तयार करतात. पानावर उरतात ते खसखशीएवढे तपकिरी ठिपके. युरोपच्या वेलीला हे जमत नाही, कारण तिच्या हजारो वर्षांच्या आयुष्यात हा शत्रू आलाच नव्हता. फवाऱ्याने बाहेरून जे काम करायचं, ते ही रानवेल आतून करते, आणि रात्री दोन वाजता पाऊस आला तरी करते.

हा गुण गोड द्राक्षात आणायचा उद्योग महाराष्ट्रात बारामती तालुक्यातल्या होळ इथल्या शेतावर चालला. शेत पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं. मालवणात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली, १९९२ पासून तिला त्यांचं नाव आहे. शेतकरी तिला ‘एमएसीएस’ नावाच्या गहू-सोयाबीनच्या वाणांवरून ओळखतात. द्राक्षाचं तिथलं काम त्यामानाने कमी माहीत आहे.

काम बोटांचं आहे. द्राक्षाचं फूल बारीक, मोहरीच्या आसपासचं, आणि उमलण्याऐवजी डोक्यावरची टोपी टाकून मोकळं होतं. टोपी पडायच्या आधी चिमट्याने ती काढायची, आतले पुंकेसर एकेक करून खुडायचे, स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. मग घडाला कागदी पिशवी. दुसऱ्या वेलीचे परागकण आणून ब्रशने लावायचे, पुन्हा पिशवी. एका घडात शेकडो फुलं. मान वाकवून, भिंग लावून हे काम सकाळच्या थोड्या वेळात उरकायचं असतं. बी असलेली वेल आई आणि बिनबियांची वेल बाप असाच मेळ घालावा लागतो, कारण बिनबियांच्या आईच्या पोटी बी पूर्ण वाढत नाही. धरलेल्या प्रत्येक बीमधून निराळी वेल येते. तिला फळ यायला काही वर्षं जातात आणि त्यातल्या बहुतेक वेली शेवटी उपटूनच टाकाव्या लागतात.

अशा एका मेळातून एआरआय-५१६ आली. आई कॅटॉबा ही अमेरिकी कुळातली, बाप ब्युटी सीडलेस हा युरोपीय. डॉ. सुजाता तेताली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे वाण २०२० साली जाहीर झालं. छाटणीपासून ११० ते १२० दिवसांत तयार, भरघोस घड, बुरशीजन्य रोगांना दाद न देणारं, रस, जॅम आणि रेड वाईनसाठी. गंमतीची गोष्ट कॅटॉबाच्या घराण्यात आहे. जनुकीय तपासणीनुसार तिच्या आईबापांपैकी एक सेमियों, म्हणजे बोर्दोची पांढरी वाईनची जात. एकोणिसाव्या शतकात सिनसिनाटीला निकोलस लाँगवर्थने कॅटॉबापासून फसफसती वाईन केली, ती युरोपातही नावाजली गेली. पांढऱ्या वाईनचं रक्त होळच्या शेतावर आधीच आलेलं आहे.

तरी ५१६ हे पांढऱ्या वाईनचं द्राक्ष नाही, आणि इथून अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण वासाची. अमेरिकी कुळाच्या द्राक्षाला एक गोड, अत्तरासारखा दर्प असतो. बंगळूर ब्लू चाखलेल्यांना तो लगेच ओळखता येईल. जॅमला तो शोभतो. वाईन चाखणारे मात्र नाक मुरडतात, आणि पांढऱ्या वाईनमध्ये त्याला लपायला जागा नसते. युरोपने हा दर्प पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा युरोपीय वेलीशी संकर करून घालवला. जर्मनीत फ्रायबुर्गच्या संस्थेत १९७५ साली झालेला सोलारिस हा पांढरा संकर त्याचं उदाहरण. २०२१ साली युरोपीय संघाने अशा संकरांना मानाच्या प्रादेशिक नावाखाली विकायचीही वाट मोकळी केली.

मग सोलारिसच्या काड्या आणून नाशिकला लावू, असं कुणाला वाटेल. मला ते पटत नाही. सोलारिस लवकर पिकतो, साखर झपाट्याने भरतो, म्हणून तो डेन्मार्क-स्वीडनसारख्या थंड देशांत चालतो. आपल्या उन्हात तो गोडीत पुढे पळेल आणि आंबटपणा मागे सांडेल. शिवाय युरोपची वेल हिवाळ्यात झोपते. आपली वेल झोपतच नाही, तिला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशी दोनदा फुटायला लावावी लागते. तिथलं वाण इथल्या वेळापत्रकात कसं वागेल, हे इथल्याच शेतात कळणार.

दुसरी अडचण बुरशीची. तीही शिकते. बियांका या प्रतिकारक पांढऱ्या जातीच्या बागेत तिच्या प्रतिकारावर मात करणारा केवडा सापडल्याचं २०१० साली प्रसिद्ध झालं. लाँगवर्थच्या कॅटॉबाच्या बागाही शेवटी बुरशीनेच गेल्या. म्हणून आता पैदासकार एकाच वेलीत दोन-तीन निरनिराळे प्रतिकार एकत्र बांधतात. त्याने काम आणखी लांबतं, आणि एखाद-दोन फवारण्या तरीही ठेवाव्या लागतात.

तिसरी अडचण मला सगळ्यात जास्त सलते, ती पैशांची. बागायतदार एकदा वेल लावली की पुढची दहा-पंधरा वर्षं तिच्याशी बांधला जातो. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी बहुवार्षिक पिकाला तीन वर्षं रूपांतरात काढावी लागतात. वायनरी करार करते तो नावाजलेल्या जातीचा. लेबलवर शेनां ब्लां लिहिलं तर गिऱ्हाईक ओळखतं, एआरआयचा आकडा लिहिला तर विचारतं हे काय. नव्या जातीचे चार क्रेट वेगळे आंबवून बघायचे, तर वेगळी टाकी, वेगळी नोंद आणि उत्पादन शुल्काचे कागद. लहान बागायतदाराच्या हातात यातलं काहीच नाही.

माझी मागणी साधी आहे. होळला आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात दर हंगामाला काही प्रतिकारक वेलींवर शेनां ब्लांचे परागकण पडावेत, आणि त्या रोपांची चाळणी साखर-उत्पादनाबरोबर आंबटपणा आणि वास यांवर व्हावी. मुरमाड उतारावर, स्वतःच्या मुळांवर आणि डॉगरिज या कलमाच्या खुंटावर, दोन्ही रीतींनी. वायनऱ्यांनी त्यासाठी पन्नास लिटरच्या टाक्या द्याव्यात, सरकारने अशा प्रायोगिक आंबवणीला शुल्काच्या कागदांतून सूट द्यावी. या ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फुलं येतील तेव्हा चिमटे हातात असले, तर पहिली बाटली निघेपर्यंत दशक सहज उलटेल. तोवर निफाडच्या बागेत मोरचूदच चालणार आहे.